नुसतं बघायचे पैसे द्या: जुन्या सोसायट्यांच्या कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
डोंबिवली, कल्याण, ठाणे आणि आसपासच्या तमाम जुन्या, तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायट्यांचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, आणि मीटिंगला फक्त चहा प्यायला येणारे कमिटी मेंबरसुद्धा

सप्रेम नमस्कार,

मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो म्हणजे कोणाला शेवटपर्यंत वाचायचं नसेल तरी चालेल. वायरमन घरी किंवा मीटर रूममध्ये येऊन तासभर नुसता तपासतो ना, काही बदलत नाही, काही जोडत नाही, त्या तपासण्याचे पैसे त्याला द्या. वेगळे द्या, मागितल्यावर कुरकुर न करता द्या. आपल्या जुन्या बिल्डिंगमधले विजेचे निम्मे घोळ आपण हे पैसे देत नाही म्हणून होतात असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते का हे सांगायला हे पत्र.

माझी सगळी नोकरी कारखान्यात मेंटेनन्सला गेली, आता रिटायर आहे, त्यामुळे बिल्डिंगमध्ये कोणाकडे काही ठिणगी उडाली की वायरमनच्या आधी मला हाक मारतात. मी काम करत नाही, बॅटरी धरून उभा राहतो आणि ऐकतो. ऐकून ऐकून काय कळलं तर लोकांना वायरमनकडून एकच गोष्ट हवी असते, लाइट आत्ता चालू झाली पाहिजे. का गेली याच्याशी कोणाला घेणंदेणं नाही.

एक उदाहरण देतो. ओळखीतलं घर आहे, सत्तरच्या दशकातली बिल्डिंग, भिंतीतून लोखंडी पाइपातून गेलेलं वायरिंग. मुलाने आईवडिलांच्या काळजीपोटी नवीन आरसीसीबी बसवून घेतला, 30 मिलिअँपचा, शॉक बसला तर क्षणात सप्लाय तोडतो तो. चांगलं केलं. पण बसवल्यापासून बेडरूममध्ये इस्त्री लावली की तो पडायचा. पहिला वायरमन आला, म्हणाला इस्त्री खराब आहे. नवीन इस्त्री आणली, तरी पडतो. दुसरा आला, म्हणाला आरसीसीबीच डिफेक्टिव्ह आहे, बदलला, तरी पडतो. तिसरा आला, त्याने पाच मिनिटांत काम केलं, आरसीसीबी बायपास करून थेट जोडून दिलं आणि तीनशे रुपये घेऊन गेला. घरचे खूष, इस्त्री चालू! तिसऱ्याला मी दोष देत नाही बरं का, त्याला ज्याचे पैसे मिळाले ते त्याने केलं.

नंतर मुलाला हे कळलं तेव्हा त्याने भांडून एका वयस्कर वायरमनला बोलावलं, ज्याच्याकडे स्वतःचा मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, होता. तो आला, मेन बंद केला, घरातला एकूणएक प्लग काढायला लावला, बल्ब काढले, मिक्सर फ्रिज टीव्ही सगळं सोडवलं आणि मग फेज-न्यूट्रल, म्हणजे करंट आणणारी आणि परत नेणारी वायर, एकत्र धरून अर्थच्या विरुद्ध 500 व्होल्टवर मेगर फिरवला. काटा शून्यावरून हलेना. किमान एक मेगओहम तरी यायला हवा असतो. मग त्याने एकेक सर्किट सोडवत परत परत मोजलं. बेडरूम ठीक, हॉल ठीक, किचन ठीक, बाथरूमचं सर्किट धरलं की शून्य. इस्त्री बेडरूममध्ये आणि दोष बाथरूममध्ये! गिझरला गेलेली न्यूट्रलची वायर पाइपाच्या तोंडाशी घासून सोलली होती आणि ओल्या भिंतीतल्या गंजलेल्या पाइपाला चिकटून होती. गिझरचा स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो, त्यामुळे गिझर बंद असला तरी दोष चालूच. घरात कुठेही मोठा लोड लावला की परत जाणाऱ्या करंटमधला थोडा हिस्सा न्यूट्रलऐवजी त्या पाइपातून जमिनीत जायचा, आरसीसीबीला जाणारा आणि येणारा करंट सारखा दिसायचा नाही आणि तो पडायचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून तो आपलं काम चोख करत होता, आणि आपण त्यालाच काढून टाकला.

आता गंमत पुढे आहे. त्या माणसाने सोललेल्या ठिकाणची वायर काढून तेवढा तुकडा नवीन ओढला आणि दोन हजार सांगितले. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, अहो चार फूट वायर टाकली, तिचे दोन हजार? तीनशेवाल्याने तर पाच मिनिटांत केलं होतं! मी तिथेच उभा होतो आणि मला काय बोलावं कळेना. जो दोष लपवून गेला त्याला हसतमुखाने पैसे, आणि ज्याने दोन तास घालवून तो शोधला त्याच्याशी घासाघीस.

तुमच्या कमिट्या हेच करतात, फक्त मोठ्या आकड्यांवर. मीटर रूमचं काम निघालं की तीन कोटेशन मागवायची, तिन्ही वायरमननी फुकट येऊन बघून जायचं, प्रत्येकाने पॉइंटवर किंवा फुटावर रेट द्यायचा, सगळ्यात खालचा रेट पास. मग तो माणूस मोजमापाला वेळ कुठून काढणार? तो अंदाजे लोड धरणार, वायर एक साइज खाली उतरवणार, लग, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायची टोपी, न लावता तारेला पीळ मारून स्क्रूखाली दाबणार, आणि शेवटी सगळं टेपने गुंडाळून फोटो काढून तुमच्या ग्रुपवर टाकणार. तुम्ही अंगठे टाकणार.

जुन्या वायरिंगचं दुखणं काय असतं तेही थोडं सांगतो, कारण मीटिंगमध्ये नेहमी कोणीतरी म्हणतं की इतकी वर्षं चाललंय की, काय होतंय. ही घरं बांधली तेव्हा घरात चार बल्ब, दोन पंखे, एक रेडिओ, सगळं मिळून पाचशे वॅटही नसायचे, म्हणजे दोन-सव्वादोन अँपिअर. आज दोन किलोवॅटचा गिझर, दोनचा इंडक्शन आणि दीड टनाचा एसी एका वेळी चालले की 24 अँपिअरच्या आसपास जातात. वायर तीच. त्यात कितीतरी ठिकाणी ती अ‍ॅल्युमिनियमची आहे, कारण त्या काळात तांबं बाहेरून आणावं लागायचं आणि महाग पडायचं. अ‍ॅल्युमिनियम स्क्रूखाली दाबलं की हळूहळू दबत जातं, वर्षानुवर्षं तापून थंड होऊन स्क्रू सैल पडतो, वर ऑक्साइडचा थर चढतो. मग कोणीतरी नवीन तांब्याची वायर त्यालाच पिळून जोडतो आणि तो जॉइंट आणखी लवकर खराब होतो. एखादा जुना बोर्ड उघडून बघा, वायरचं इन्सुलेशन बोटाने दाबलं तर खारीच्या बिस्किटासारखं भुगा होऊन पडतं आणि तार हलवली की तुटून हातात येते. म्हणूनच जुना वायरमन म्हणतो "साहेब, बोर्डाला हात लावला तर सगळं करावं लागेल", आणि आपल्याला वाटतं हा काम वाढवतोय.

लूज कनेक्शनबद्दल तर मला कोणी दहा मिनिटं भाषण करू दिलं तर बरं होईल. समजा एका सैल जॉइंटचा रेझिस्टन्स अर्धा ओहम झाला आणि त्यातून गिझरचे दहा अँपिअर जात असले, तर त्या एका टिचभर जागेत 50 वॅट उष्णता तयार होते. 50 वॅटचं सोल्डरिंग आयर्न हातात धरून बघा म्हणजे कळेल. आणि हे एमसीबीला, म्हणजे करंट जास्त झाला की पडणाऱ्या स्विचला, दिसत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. आरसीसीबीला पण दिसत नाही, कारण करंट जमिनीत जात नसतो. दिसतं फक्त माणसाला, बोर्ड गरम लागला, प्लॅस्टिक पिवळं पडलं, माशासारखा वास आला, स्विच दाबला की चर्र आवाज आला तर. घरोघरी हे चालू असतं आणि आपण म्हणतो बोर्ड जरा तापतो, जुना आहे ना.

एमसीबीवरून आठवलं. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवून द्या, ही मागणी वायरमन करत नाही, आपण करतो. दीड एमएमच्या वायरवर 32 अँपिअरचा एमसीबी बसवला की पडायचा थांबतो, बरोबर आहे, कारण आता आधी भिंतीतली वायर जळणार. एमसीबी वायरसाठी असतो, एसीसाठी नाही. आणि ज्या मीटर रूममध्ये अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत तिथे फ्यूज वायरच्या जागी साध्या वायरची सुटी तार पिळून घातलेली नाही असं छातीठोकपणे सांगणारा सेक्रेटरी मला भेटायचाय.

आता अर्थिंग, म्हणजे पत्र्यावर गळालेला करंट जमिनीत नेणारी जोडणी. हा आपल्या सोसायट्यांचा खास विषय आहे, आणि यात दोष वायरमनचा नाही, प्लंबरचाही नाही. जुन्या कित्येक बिल्डिंगमध्ये अर्थची वायर सरळ पाण्याच्या जीआय पाइपाला बांधलेली असायची. पाइप लोखंडाचे, जमिनीत गेलेले, काम भागायचं. मग सगळ्या सोसायट्यांनी गळतीला कंटाळून पाइपलाइन बदलली आणि प्लॅस्टिकचे पाइप टाकले. पाणी छान यायला लागलं आणि त्याच दिवशी अख्ख्या विंगचं अर्थिंग गेलं. कोणाला पत्ताही नाही, कारण अर्थिंग नसलं तरी लाइट लागते, पंखा फिरतो. कळतं कधी तर वॉशिंग मशीनला हात लावल्यावर मुंग्या येतात तेव्हा. मग कोणीतरी शहाणा सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र लूप करून देतो, मुंग्या थांबतात, आणि ज्या दिवशी कुठे न्यूट्रल तुटेल त्या दिवशी त्या मशीनच्या पूर्ण पत्र्यावर 230 व्होल्ट येतील. तुमच्या सोसायटीने पाइपलाइन कधी बदलली ते जुन्या मिनिट्समध्ये सापडेल. त्यानंतर अर्थिंगचं कोणी बघितलं का तेही त्याच मिनिट्समध्ये शोधा. नुसता टेस्टर लावून अर्थिंग कळत नाही. त्याला अर्थ टेस्टर लागतो, अर्थिंगच्या खड्ड्यापाशी खुंट्या ठोकून मोजावं लागतं, आणि हो, परत तेच, मोजायचे पैसे द्यावे लागतात.

जिथे अर्थिंग लगेच करणं शक्य नाही तिथे निदान आरसीसीबी तरी बसवून घ्या, तो अर्थिंग नसतानाही माणसाच्या अंगातून जाणारा करंट ओळखतो. फक्त महिन्यातून एकदा त्याच्यावरचं टेस्टचं बटण दाबून बघा. दाबल्यावर पडला नाही तर तो शोभेचा आहे.

तुमच्यातले काही जण म्हणतील घरातलं वायरिंग ज्याचं त्याने बघावं, कमिटीचा काय संबंध. बरोबर, पण आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटीच्या कारभाराची नियमावली, एकदा काढून वाचा. फ्लॅटच्या मेन स्विचपर्यंत येणाऱ्या विजेच्या लाइन सोसायटीने आपल्या खर्चाने सांभाळायच्या असं त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे मीटरपासून जिन्यातून वर चढून सभासदाच्या मेनपर्यंत जी जळमटं लागलेली जुडी जाते ना, ती तुमची. 30 वर्षांवरच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करायचं हे आता सगळ्यांना पाठ झालंय, त्या इंजिनिअरला आपण बघायचेच तर पैसे देतो! तो हातोडी मारून आवाज ऐकतो, मशीन लावतो, रिपोर्ट देतो, स्वतः एक घमेलं सिमेंट लावत नाही, आणि आपण बिल भरतो. मग विजेच्या बाबतीत बघणं फुकट कसं काय?

मीटर रूममधलं न्यूट्रलचं प्रकरणही तुमच्याच दारात येतं. बिल्डिंगला थ्री फेज येते, घरं तीन फेजवर वाटलेली असतात, न्यूट्रल सगळ्यांचा एकच. तो कॉमन न्यूट्रल लिंकपाशी सैल होऊन सुटला की कोणाच्या घरी ट्यूब मिणमिणते आणि कोणाच्या घरी व्होल्टेज 300 च्या वर जातं. एका संध्याकाळी अर्ध्या बिल्डिंगचे टीव्ही, सेट टॉप बॉक्स, फ्रिज जळतात आणि मग भरपाई कोणी द्यायची यावर ग्रुपवर महाभारत. कारण काय, तर एक स्क्रू, जो वर्षातून एकदा सप्लाय बंद करून आवळायला हवा होता. तो आवळायला माणूस बोलावला तर तो काय बदलणार आहे? काहीच नाही. म्हणून बोलावतच नाही.

माणूस कोणता बोलवायचा यावर दोन गोष्टी. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे बल्ब, पंखा, स्विच, फ्यूज बदलणं ही किरकोळ कामं सोडली तर वायरिंगचं काम लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून, परवानाधारक माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. तेव्हा मीटर रूम आणि जिन्यातल्या लाइनसाठी लायसन बघा, नंबर लिहून घ्या, टेस्ट रिपोर्ट मागा, आणि रिपोर्टमध्ये आकडे आहेत का बघा, नुसतं 'ओके' लिहून सही असेल तर तो रिपोर्ट नाही, रद्दी आहे. सही करणारा प्रत्यक्ष जिना चढला होता का हे वॉचमनला विचारलं तरी कळतं.

पण म्हणून नाक्यावरच्या आपल्या वायरमनला टाकू नका. आयटीआयमधून तारतंत्री किंवा वीजतंत्रीचा दोन वर्षांचा कोर्स करून आलेली, नंतर कुणा उस्तादाच्या हाताखाली शिकलेली ही माणसं आहेत. अ‍ॅपवरून येणारा मुलगा चांगला असतो, युनिफॉर्म असतो, बोलतो नीट, पण तुमच्या ए विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोन फ्लॅट एक केले तेव्हा न्यूट्रल कुठून फिरवला हे त्याला माहीत असायचं कारण नाही. हे नाक्यावरच्या माणसाच्या डोक्यात असतं. आणि फक्त डोक्यातच असतं, हाच घोळ आहे, तो गावी गेला की बिल्डिंग आंधळी. त्याला बसवा, पैसे द्या, एका कागदावर कोणत्या मीटरची लाइन कुठून जाते, कोण कोणत्या फेजवर, जॉइंट कुठे आहेत एवढं काढून घ्या आणि तो कागद लॅमिनेट करून मीटर रूममध्ये लावा. लायसनवाला आणि नाक्यावरचा, दोघांना एकाच दिवशी बोलवा, भांडतील थोडे, पण काम चांगलं होईल.

तपासणारा आणि काम करणारा शक्यतो वेगळा ठेवा, हे मी कारखान्यात शिकलो. ज्याला काम मिळणार असतं त्याला सगळंच बदलायचं दिसतं, आणि ज्याला फुकट बघायचं असतं त्याला काहीच दिसत नाही. तपासणाऱ्याला आधीच सांगा की हे काम तुला मिळणार नाही, तुझी फी ही, खरं काय ते लिहून दे. माल सोसायटीने स्वतः आणा. 90 मीटरचं बंडल घेताना आयएसआय मार्क, त्यावरचा आयएस 694 आणि लायसन नंबर बघा, बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून तो खरा आहे का ते दुकानातच तपासता येतं. वायरच्या पेटीवरचा कोड स्कॅन केला की वायरमनला बक्षिसाचे पॉइंट मिळतात हे मला माहीत आहे, मिळू दे बिचाऱ्याला, पण आपण फी व्यवस्थित दिली तर त्याला त्या पॉइंटवर घर चालवावं लागणार नाही.

आणि कृपा करून रात्री साडेदहाला फोन करून "पाच मिनिटांचं काम आहे, येऊन जा" म्हणू नका. पाच मिनिटांचं असतं तर तुम्हीच केलं असतं. त्याला यायलाच लागलं तर मेन तुम्ही बंद करून ठेवा, शिडी धरायला एक माणूस द्या. चालू लाइनवर काम कर, शेजाऱ्यांची सिरियल आहे, असं सांगणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहिलेत.

आता खरा अडथळा, जो कोणी मीटिंगमध्ये बोलत नाही पण सगळ्यांच्या मनात असतो. रिडेव्हलपमेंट होणारच आहे, कशाला खर्च. बिल्डर आज येतो, उद्या येतो, कोणाला एफएसआय कमी वाटतो, कोणाला पार्किंग हवं, कोणाचा भाऊ कोर्टात. यात दहा-पंधरा पावसाळे जातात आणि प्रत्येक पावसाळ्यात भिंती ओल धरतात, इन्सुलेशन आणखी उतरतं. संपूर्ण नवीन वायरिंग करा असं मी म्हणतच नाहीये. तपासा म्हणतोय. तपासलं तर कळेल की दहा गोष्टींपैकी आठ बिल्डर येईपर्यंत थांबू शकतात आणि दोन या महिन्यातच करायला हव्यात. न तपासता आपण दहाही थांबवतो. रंगाला पैसे निघतात, गेटला कमान होते, सीसीटीव्ही सोळा बसतात, त्यांची वायर पण त्या मीटर रूममधूनच कुठल्यातरी टर्मिनलला चिकटवलेली असते. गणपतीच्या लाइटिंगसाठी तर कॉमन मीटरवरून जी टेपवाली वायर भर पावसात गच्चीतून खाली सोडतात, त्याबद्दल बाप्पाच बघून घेईल, मी काय बोलणार.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. अजेंड्यावर एक विषय घाला: मीटर रूम, जिन्यातल्या लाइन आणि अर्थिंगची तपासणी, तपासणीची फी वेगळी मंजूर करणे. सोबत ज्या सभासदांना आपलं घरही त्याच दिवशी मेगर लावून तपासून घ्यायचं असेल त्यांची नावं घ्या, एकत्र केलं तर फी कमी पडते आणि म्हाताऱ्या माणसांना वेगळा माणूस शोधावा लागत नाही. भाड्याने राहणाऱ्यांनाही विचारा, मालक पुण्याला असतो आणि शॉक त्यांना बसतो. कोटेशन मागवताना वरच्या ओळीत तपासणीची फी आणि तिच्याखाली पॉइंटचा रेट, असा कागद बनवा. जो तपासणीची फी शून्य लिहून देईल त्याला पहिला बाद करा.

आणि सभेची वाट न बघता मीटर रूममधल्या सायकली, रद्दीचे गठ्ठे आणि मागच्या वर्षीचं मखर या रविवारी बाहेर काढा. त्याला कोणाचंच कोटेशन लागत नाही.

आपला,
एक जुना सभासद, बी विंग, तळमजला, मीटर रूमच्या भिंतीला लागून